तिथीची पाऊणपट

ही हकिकत मी नऊ वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी चहा मागायचो, नाहीतर पंखा वाढवायला उठायचो. जिला सांगायला हवी होती ती बाई आता नाही. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. निदान लिहून तरी ठेवतो.

माझा मित्र आणि मी मुलुंडला एकाच सोसायटीत राहायचो. दोघंही निवृत्त. रविवारी वर्सोव्याला जायचं, खडकावर उभं राहून गळ टाकायचा, दुपारी घरी यायचं. पाण्याची वेळ काढणं माझं काम. वडील मालवणकडचे, त्यांनी हिशोब शिकवला होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली. वर्सोव्याला हा हिशोब कधी दगा देत नसे. मित्र मला भटजी म्हणायचा.

अंदमानला जायचं खूळ त्याचं. मोबाइलवर कुणीतरी पकडलेला ट्रेवली मासा बघितला, माणसाच्या मांडीएवढा, आणि मला दाखवत म्हणाला, "मरायच्या आधी एक असला काढायचा रे. मग वर्सोव्याच्या पालव्या-बोयट्यांवर समाधान मानू."

महिनाभर त्याच्या जेवणाच्या टेबलावर आखणी चालली. नवी रीळं, जाड दोरी, खडकावर चालायचे जड बूट. तो बसल्या बसल्या गाठी मारायचा आणि ओढून बघायचा. वहिनी भाजी निवडत समोर बसलेल्या असत. एकदा हात थांबवून म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना पोहता येत नाही, माहीत आहे ना?"

"पोहायला कोण चाललंय?" मित्र म्हणाला. "मासे पोहतील."

"मी तुम्हाला नाही विचारलं."

मी म्हणालो, "वहिनी, मी आहे ना. पाण्याची वेळ माझ्याकडे."

त्यावर त्या पुन्हा भाजी निवडू लागल्या. पटलं म्हणून नव्हे. माझ्यावर सोपवलं म्हणून.

तिकडच्या बोटवाल्याशी फोनवर मीच बोललो. दोन दिवस त्याची बोट, तिसऱ्या दिवशी आम्ही आपले किनाऱ्यावरून. त्यानं हिंदीत विचारलं, भरती-ओहोटीचा तक्ता पाठवू का. मी म्हणालो, नको, आमचा आमच्याकडे आहे. मित्रानं शेजारून अंगठा दाखवला.

निघण्याआधीच्या रविवारी वर्सोव्याला, जिच्याकडून आम्ही गळाला लावायला कोळंबी घ्यायचो त्या म्हातारीला त्यानं सगळा बेत सांगितला. माझी पाऊणपटही कौतुकानं सांगितली. तिनं कोळंबी कागदात बांधली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यो हिशोब आमचे पान्याचा हाय. तिकरचा पानी तिकरचे मानसाला इचारा."

परत येताना मित्र म्हणाला, "काय म्हणाली ती? विचारून घ्यायचं का यार एकदा?"

"समुद्र एक, चंद्र एक," मी म्हणालो. "तिला काय कळतंय?"

हे वाक्य मी अजून तोंडात घोळवतो. मला राग आला होता. आयुष्यात फारशा गोष्टी मला येत नव्हत्या, ही एक येत होती.

बोटीवरचे दोन दिवस खोल पाण्यात गेले. तिथे भरती काय नि ओहोटी काय, कळतच नाही. तिसऱ्या दिवशी वद्य चतुर्थी. मी कागदावर लिहून दिलं: सातला निघायचं, नऊला सुकती, अकरापर्यंत परत. उघड्या पडलेल्या प्रवाळावरून चालत तो टोकाच्या खडकावर गेला. माझा गुडघा दुखत होता, मी किनाऱ्यावर थांबलो.

साडेआठच्या सुमारास तो वळला. पायाखाली बघितलं, मग माझ्याकडे. हात हलवून विचारलं, येऊ का? अंतर इतकं, की आवाज पोहोचला नसता. मी घड्याळ बघितलं. हिशोबानं पाणी अजून उतरायला हवं होतं. मी दोन बोटं दाखवली. अजून दोन तास आहेत.

तो पुन्हा समुद्राकडे वळला.

तिकडे सुकती सातलाच होऊन गेली होती. त्या बेटावर पाणी आमच्यापेक्षा दोन तास आधी फिरतं. कुठल्याही छापील तक्त्यात दिलेलं असतं. मधली वाट बुडालेली मला दिसली तेव्हा नऊ वाजून गेले होते. मी धावलो, पण माणसं गोळा करून आणेपर्यंत खडकावर लाटा येत होत्या आणि खडकावर कुणी नव्हतं.

पोलिसांना मी सांगितलं की हाका मारल्या, त्यानं ऐकलं नाही. मुलुंडला आल्यावर वहिनींनाही तेच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मासा लागला होता का गळाला?" मी होकारार्थी मान हलवली. तेही खोटं.

त्या रडल्या नाहीत फारशा. त्यांना राग आला, आणि तो राहिला. बारशाला, मुंजीला, कुठेही विषय निघाला की म्हणायच्या, "माशापुढे मी कोण? मित्र ओरडत होता तरी आले नाहीत." नऊ वर्षं एक बाई आपल्या मेलेल्या नवऱ्यावर रुसून बसली होती, आणि त्याचा काही दोष नव्हता. त्यानं तर विचारलं होतं.

गेल्या पावसाळ्यात त्या दवाखान्यात होत्या. मी ठरवून गेलो. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता, खोलीत आम्ही दोघंच. त्या हसल्या, म्हणाल्या, "भावोजी, वर गेले की आधी भांडणार आहे त्यांच्याशी. एवढं सांगून ऐकलं का नाही म्हणून."

वहिनी, त्यानं माझंच ऐकलं. भांडायचं तर माझ्याशी भांडा. मला माफ करा. एवढंच म्हणायचं होतं, घरून निघताना म्हणूनही बघितलं होतं.

मी म्हणालो, "मोसंबी सोलून देऊ का?"