फेसलेल्या मोहरीची बरणी

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. कधी, तेही सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, पोळ्याच्या दिवशी दुपारी, ताटं वाढून झाल्यावर आणि पहिला घास मोडायच्या आधी. आईने माळ्यावरून लोणच्याची छोटी बरणी काढली, तोंडावर बांधलेलं फडकं, दादरा, सोडला आणि आत पाहिलं. वर पांढरी बुरशी, बोटभर जाड. बरणी वहिनीने भरलेली होती. आईने बरणी बाजूला ठेवली. बोलली ती माझी चुलती.

"हिचा हात लोणच्याला लागत न्हाई."

झाला निकाल. जिच्यावर आरोप तिला कुणी एक शब्द विचारला नाही.

आमच्या कर्जत भागात हे बोलणं हलकं घेत नाहीत. एकीच्या हातचं लोणचं वर्षभर टिकतं, दुसरीच्या हातचं नासतं, असं घरोघर धरून चालतात. एकदा शिक्का बसला की त्या बाईने कैऱ्या धुवायच्या, पुसायच्या, अडकित्त्याने फोडायच्या, मोहरीची डाळ पाखडायची, तेल तापवायचं. कालवायची वेळ आली की परात दुसरीच्या पुढ्यात. लोणचं चांगलं झालं की नावही दुसरीचं. मी पत्रकं लिहिते. सुप्याच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांची, बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्यांची. राबणारा कोण आणि नाव कुणाचं, हे मी इतक्यांदा लिहिलंय की कागदावर आपोआप उतरतं. आणि आमच्याच ओट्यापाशी उन्हाळ्यामागून उन्हाळे तेच चालू होतं.

ह्या उन्हाळ्यात मी कैऱ्यांच्या दिवशी घरी होते. वहिनीने सकाळपासून टोपलीभर कैऱ्या फोडल्या होत्या. हळद-मीठ लावून झालं, हिंगाची फोडणी गार व्हायला ठेवली. गरम तेल मोहरीवर पडलं की तिचा झणका मरतो, म्हणून आमच्याकडे फोडणी पार गार होईपर्यंत कुणी परातीला शिवत नाही. तेल निवलं. वहिनी उठली, हात पुसले आणि सवयीने बाजूला सरकली. चुलती बाह्या सारून परातीपुढे बसली.

मी म्हटलं, "थांबा. वहिनी का नाही कालवत?"

"आली पुढारीन," चुलती म्हणाली. "अगं, तिचा हात लागत न्हाई."

"पुरावा?"

"बुरशी! सगळ्यांनी बघितली की पोळ्याला. तू बी हुतीस."

"बुरशी बघितली. ती का आली, ते कुणी विचारलं?"

आई कंटाळून म्हणाली, "बाई, इथं मोर्चा काढू नको. कैऱ्या काळ्या पडतील."

मी वहिनीकडे वळले. "काय घातलं होतं तू त्या बरणीत?"

वहिनी पदराने मानेचा घाम पुसत म्हणाली, "कैरी, मीठ, गूळ, मोहरी. आन् पानी."

"पानी?" चुलती अर्धी उठली. "लोणच्यात पानी? बघा!"

"आमच्याकडं तसंच करत्यात. मोहरी पान्यात फेसायची, कैरीला लावायची आन् दोन-चार दिसात खाऊन मोकळं व्हायचं. ते ठेवायचं लोणचं न्हाईच. जेवताना घ्यायचं हुतं."

वहिनीचं माहेर पाथर्डीकडचं. तिच्या आईकडे कैरीच्या दिवसांत हे फेसलेल्या मोहरीचं लोणचं भाकरीबरोबर रोज ताजं होतं. इकडे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिने ते हौसेने केलं, हाताशी होती त्या बरणीत भरलं आणि दुसऱ्या दिवशी बहिणीच्या लग्नाला माहेरी गेली. परत आली तर बरणी फळीवर नव्हती.

"मग विचारायचं न्हाई व्हय, कुठं गेली म्हणून?" आई म्हणाली.

"मला वाटलं, तुमाला आवडलं न्हाई. नवीन हुते मी. काय विचारू?"

आई म्हणाली, "आवडलं न्हाई? अगं, म्या चाखलं बी न्हाई. सुनेचं पहिलं लोणचं, सणाला काढू, सगळ्यांच्या ताटात वाढू, म्हणून दादरा बांधून माळ्यावर ठिवलं. कुणाला हात लावू दिला न्हाई."

वहिनीने आईकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. आईनेही तोंडाला पदर लावला. चुलती मात्र चुलतीच. "बोलायचं काय, कुनी बी बोलंल. फेसून दाव."

वहिनीने मूठभर मोहरी मिक्सरमधून काढली, वाटीत थोडं पाणी आणि गुळाचा खडा घातला आणि घोटायला लागली. बराच वेळ काही झालं नाही. चुलती वाटीत डोकावून म्हणाली, "कशाचं काय, नुसता चिख..."

शब्द तिथेच तुटला. मोहरी नाकात चढली. चुलती शिंकली, पुन्हा शिंकली, डोळ्यांतून धारा. वहिनी अगदी शांतपणे म्हणाली, "आता फेसली."

उरलेल्या कैरीच्या फोडींना ती मोहरी लावली. सकाळच्या भाकरी होत्या. आम्ही चौघींनी खाली बसून वाटी तिथल्या तिथे संपवली. तळ चुलतीने बोटाने पुसला, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

मग आईने परात उचलली आणि वहिनीपुढे ठेवली.

"घे. कालव."

"वर्षाचं हाय, जाऊबाई," चुलती हळू आवाजात म्हणाली. "नासलं म्हंजे?"

"नासलं तर माझ्या हातानं नासलं म्हन," आई म्हणाली.

वहिनीने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि दोन्ही हात परातीत घातले. पिवळं तेल फोडींवर चढत गेलं. ती घाईत नव्हती. एकेक फोड उलटीपालटी करत होती, आणि आई मीठ बघायच्या निमित्ताने सारखी जवळ येऊन उभी राहत होती. बरण्या भरल्या, दादरे बांधले. ह्या वेळी ते वहिनीने बांधले.

त्यातली पहिली बरणी आता निम्मी झालीय. माझ्या डब्यात रोज तेच लोणचं असतं. फोड अजून करकरीत आहे. चुलती येते, ताटातलं लोणचं संपवते आणि "मीठ जरा कमीच" म्हणून आणखी मागते. वहिनी वाढते. मला ह्यापेक्षा मोठा विजय कुठल्या पत्रकाने मिळवून दिलेला नाही.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी एक बाई असेल, जिचा हात लोणच्याला लागत नाही असं कधीतरी ठरलंय. आजच तिच्यासमोर बसा आणि विचारा, त्या बरणीत काय घातलं होतंस? ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका, मध्ये बोलू नका. आणि पुढच्या वर्षी कैऱ्या आल्या की परात तिच्यापुढे ठेवा.

नासलं, तर तुमच्या नावावर घ्या.