पाय बघणारी आर्डिस

उत्तर मिनेसोटात, तळी आणि पाइनच्या जंगलांच्या मधोमध, ओजिब्वे लोकांची वस्ती आहे. हा सगळा मुलूख एके काळी त्यांचाच. तिथल्या छोट्या क्लिनिकमध्ये, औषधांच्या काउंटरवर, मी नऊ वर्षं काम केलं. मी मूळची वर्ध्याची. नवरा, संजीव, दूर दक्षिणेत अल्फारेटा शहरात नोकरीला आणि मला जॉब मिळाला तो इथे. पहिल्या हिवाळ्यात कामापलीकडे माझ्याशी कुणी बोलत नसे. बोलली ती आर्डिस बेलँजर. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "हे असले बूट? बोटं गळून पडतील तुझी." दुसऱ्या दिवशी लोकरी मोज्यांचे दोन जोड काउंटरवर ठेवून निघून गेली. तेव्हापासून मनातल्या मनात मी तिला मावशीच म्हणायचे.

आर्डिस त्याच वस्तीतली, ओजिब्वे, घरोघर जाणारी नर्स होती. वस्तीत डायबेटिसचा रुग्ण घरटी एक. तिच्या गाडीच्या डिकीत एक टब, टॉवेल आणि नखं कापायची सामग्री असे. म्हाताऱ्या माणसांच्या पुढ्यात ती जमिनीवर बसायची, कोमट पाण्यानं पाय धुवायची, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायची. मग तळवा उजेडाकडे वळवून कुठे फोड, भेग, काळा डाग दिसतोय का ते बघायची.

तिचे वडील लाकूडतोडीच्या कामावर होते. डायबेटिसनं त्यांचे पाय बधिर झालेले, टाचेला लागलेलं दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. हॉस्पिटल चाळीस मैलांवर, घरात गाडी नाही. आधी एक पाय कापला, मग दुसरा, मग तेच गेले. आर्डिस एकोणीस वर्षांची होती.

"डॉक्टर म्हणाला, कुणीतरी वेळेवर बघायला हवं होतं," तिनं मला एकदा जेवताना सांगितलं. "घरात मी होते, प्रीता. कुणीतरी म्हणजे मीच."

नंतर तिनं आजारी आईला सांभाळत नर्सिंग केलं. लेनर्ड नावाचा एक माणूस तिच्याशी लग्न करायला तयार होता, पण त्याची नोकरी मिनियापोलिसला. "पुढच्या वर्षी येते," असं ती त्याला चार वर्षं सांगत राहिली. दर वर्षी कुणाची तरी जखम भरायची बाकी असायची. पाचव्या वर्षी त्याच्या लग्नाची पत्रिका आली.

"गेलीस?" मी विचारलं.

"गेले ना. केक चांगला होता."

कोविड आला तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. घरांत जायचं नाही, असा क्लिनिकचा हुकूम निघाला. चार दिवस ती ऑफिसात बसून फोन करत राहिली. पाचव्या दिवशी फोन आपटून उठली. "फोनवर पाय दिसत नाहीत," म्हणाली आणि गाडी काढली. घरात गेली नाही. बाहेर, खिडकीपाशी उभी राहिली. आतून म्हातारा खुर्चीत बसून, कुणाच्या तरी मदतीनं, अनवाणी पाय उचलून काचेला लावायचा. बाहेर गुडघाभर बर्फात आर्डिस, हातात टॉर्च. आधी डावा, मग उजवा. एकदा औषधं पोचवायला मी तिच्यासोबत होते. आतल्या म्हातारीनं काचेला पाय लावला, तशी आर्डिसनं बाहेरून हातमोजा काढून त्याच जागी तळहात टेकवला आणि क्षणभर तसाच ठेवला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "काच फार गार आहे."

त्या दोन वर्षांत तिच्या यादीतली अकरा माणसं गेली. पायांना काही झालं नव्हतं त्यांच्या.

मग ती रिटायर झाली. एकेचाळीस वर्षांची नोकरी. क्लिनिकनं केक आणला, फोटो काढले. पायांसाठी महिन्यातून दोनदा शहरातून डॉक्टर येऊ लागला, चांगला होता. सुरुवातीला जुनी माणसं तिला फोन करायची. हळूहळू ती माणसंच कमी झाली. तळ्याकाठी तिचं छोटं घर होतं, शेजार असा नाहीच. ती मात्र म्हणायची, "शांतता आहे." मी दर रविवारी जायचे. मग दर रविवारी जमेना, महिन्यातून एकदा जायला लागले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या लक्षात आलं की तिनं तीन महिने आपलं डायबेटिसचं औषध नेलेलंच नाही. तशीच गेले. खूप वेळानं तिनं दार उघडलं. डाव्या पायात पुरुषी, ढगळ स्लिपर.

"आर्डिस, पाय दाखव."

"काही नाही झालेलं."

"मग दाखव ना."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हणाले, "आमच्याकडे मोठ्यांच्या पायाला हात लावतात. त्यात लाजायचं काही नसतं."

"ते पाय धुतलेले असतात," ती म्हणाली. "याला वास येतो." मग स्लिपरकडे बघत, "एवढी वर्षं दुसऱ्यांना रागावले, प्रीता. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मी जमिनीवर बसले. तिनं स्वतःच मोजा काढला. दोन बोटं काळी पडली होती. मला रडू आलं, तशी तिनंच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नर्सच्या आवाजात सांगितलं, "घोट्यापर्यंत लाली चढलीय. आजच न्यावं लागेल."

पाऊल कापावं लागलं. नंतर शहरातल्या, वृद्धांची देखभाल करणाऱ्या नर्सिंग होममध्ये तिला ठेवलं, चाळीस मैलांवर. मी पाच वेळा भेटायला गेले. तिथल्या पोरींनी एकदा तिचा उरलेला पाय नीट पुसला नाही, म्हणून तिनं त्यांना अर्धा तास शिकवलं. मार्चमध्ये, दुपारच्या झोपेत ती गेली.

तिच्या लोकांत अंत्यविधीपर्यंत देहाला एकटं ठेवत नाहीत. कम्युनिटी हॉलमध्ये शवपेटीशेजारी कुणी ना कुणी आळीपाळीनं बसतं. संध्याकाळी पुष्कळ माणसं येणार होती. जेवण, ढोल, प्रार्थना. पण मंगळवारची दुपार होती, सगळे कामावर. हॉल सांभाळणाऱ्या बाईनं विचारलं, "दोन ते पाच कुणी नाहीये. बसशील का?"

मी बसले. हीटरचा आवाज येत होता. एक म्हातारा काठी टेकत आला, तिच्याकडे बघून "मीगवेच" म्हणाला, म्हणजे आभार, आणि निघून गेला. त्याच्यानंतर पाच वाजेपर्यंत आम्ही दोघीच होतो.