आर्वोची गिरक्या घेणारी पिल्लं

आर्वो निएमेला हा आमच्या बंदरातला सगळ्यात हट्टी माणूस. हे मी त्याच्या तोंडावरही सांगतो, त्यामुळे चहाडी समजू नका. जन्मभर त्याने सॅल्मन मारले आणि म्हातारपणी सॅल्मन जन्माला घालायचं वेड घेतलं. ओढ्याकाठी पत्र्याची शेड बांधली, त्यात हौद आणि अंडी उबवायच्या पेट्या. बायको गेल्यावर गावातल्या दोघी विधवांनी त्याला सफरचंदाचे केक पाठवले. त्याने दोन्ही खाल्ले, ताटल्या धुऊन परत केल्या आणि पुन्हा पेट्यांत डोकं घातलं. अजून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

आमच्या धक्क्यावर एक रीत आहे. मासा चिरला की आधी त्याच्या पोटात काय निघालं ते ओरडून सांगायचं. दुसऱ्या दिवशी गळाला काय लावायचं ते त्यावरून ठरतं. पूर्वी हेरिंग, माकूल, कोलीम, काय वाट्टेल ते निघायचं. त्या उन्हाळ्यात मात्र सगळ्यांची एकच आरोळी, "अँकोव्ही!" मांदेलीएवढे चंदेरी मासे, ठासून भरलेले. सॅल्मनही कसे गुबगुबीत! आर्वो खूश. पावसाबरोबर सॅल्मन ओढ्यात परतले, तेव्हा त्याने सगळ्यात लठ्ठ माद्या निवडून त्यांची गाभोळी पेट्यांत घातली.

"भरल्या पोटाच्या आईची पोरं धट्टीकट्टीच निघणार," तो मला म्हणाला. "यात शिकायचं काय?"

अंड्यांतून पिल्लं निघाली, आणि वळवळायच्या ऐवजी गिरक्या घ्यायला लागली. भोवऱ्यासारखी फिरायची, मग कुशीवर पडून तळाला जायची. रोज सकाळी आर्वो जाळीने मेलेली उपसायचा. त्याने पाणी बदललं, पंप बदलला. शेवटी ओढ्याच्या वरच्या अंगाला बकऱ्या पाळणाऱ्या गिल्दा पार्दिनीच्या दारात गेला. तमाशा चुकू नये म्हणून मीही मागे.

"गिल्दा, तुझ्या बकऱ्या ओढ्यात मुततात!"

"तू शेड बांधायच्या आधीपासून मुततायत. मागच्या वर्षी तुझी पोरं सरळ पोहत होती ना? मग बकऱ्यांनी यंदा काय वेगळं केलं, सांग की!"

आर्वो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. मला तर तो क्षण फार आवडला.

मग मत्स्यखात्याची ओकाडा नावाची मुलगी आली. हौदात बघून तिने एकच विचारलं, "यांच्या आयांनी समुद्रात काय खाल्लं?"

"पोटभर अँकोव्ही!" आर्वो अभिमानाने म्हणाला.

"तेच तर. अँकोव्हीत एक द्रव्य असतं, ते ब-एक जीवनसत्त्व मोडून टाकतं. इतर खाणं सोबत असलं की चालतं. नुसती अँकोव्ही खाल्ली, तर आई लठ्ठ दिसते, पण अंड्यात ते जीवनसत्त्व उतरतच नाही."

"म्हणजे खाऊन उपाशी?"

"एका परीने, हो."

"बाई, मासा गोल, पोट गोल, आणि तू म्हणतेस उपाशी. मग मी काय, बारीक पोरी निवडायच्या होत्या?"

"निवडून काय होणार, आजोबा? सगळ्यांनी तेच खाल्लंय."

तो माझ्याकडे वळला. मी समजल्यासारखी मान हलवली. मलाही काही कळलं नव्हतं.

तिने आपल्या बरणीतली त्याच जीवनसत्त्वाची पांढरी पूड मोजून पाण्यात विरघळवली आणि उरलेली पिल्लं त्यात सोडली. आम्ही बाकावर बसून राहिलो. दुपार कलली तशी एक पिल्लू गिरकी घेता घेता थांबलं आणि सरळ पुढे गेलं. मग दुसरं. मग बरीचशी. आर्वो हौदावर इतका वाकला की टोपी पाण्यात पडली.

मला वाटलं, आता हसेल. पण त्याने ओकाडाला विचारलं, "आणि वर ओढ्यात ज्या माद्यांनी स्वतःच अंडी घातली, त्यांच्या पिल्लांना कोण पाजणार?"

तिने बरणीला झाकण लावलं.

आर्वोने बरणी उचलली आणि तो तडक ओढ्याकडे निघाला. तिने धावत जाऊन बाही धरली. "आजोबा, वाहतं पाणी आहे ते. बरणीभर औषध समुद्रात जाईल."

तो गुडघाभर पाण्यात थांबला, बरणी पोटाशी धरून. ओढ्याच्या वरच्या अंगाला बघितलं, मग खालच्या. "मग कुठे टाकू?" त्याने विचारलं, आधी तिला, मग मला.