रास्नेचं फूल पाहायला पिंपळनेरकडे

माझे वडील, आबा, पारोळ्यात वैद्यकी करतात. सांधेदुखीवरचा त्यांचा रास्नेचा काढा नावाजलेला, पण यंदा मुळ्या आल्याच नाहीत. "वनस्पतीच सापडत नाही," व्यापारी म्हणाला. चाळीस वर्षं मुळ्या कुटूनही आबांनी तिचं फूल पाहिलं नव्हतं. "संपायच्या आत बघून येऊ," म्हणाले, आणि ऐन वैशाखात आम्ही निघालो.

पारोळ्याहून धुळ्याला सर्व्हिस मोटार मिळते. पुढची जागा धरा. मागे नुसता फुफाटा. धुळ्याहून दुसरी मोटार साक्रीवरून पिंपळनेरला जाते. तिथून डोंगराच्या पायथ्यापर्यंत बैलगाडी, आठ आणे. पाणी भरपूर घ्या.

पायथ्याच्या वस्तीत जमनाअक्कांकडे उतरलो. त्या शेतकरीण, पण व्यापाऱ्यांसाठी वर्षानुवर्षं मुळ्या काढलेल्या. कळण्याची भाकरी नि ठेचा वाढता वाढता त्यांनी आमचं येण्याचं कारण ऐकलं.

"एकच ऱ्हायनी शे. वैदले नही दखाडत."

"वैद्याला का दाखवत नाही हो अक्का?" मी विचारलं.

"पहिले झाडझाडवर व्हती. मुळ्या इकी इकी बठ्ठी सरी गई."

"विकून विकून संपल्या त्या मुळ्या माझ्याकडेच येत होत्या," आबा म्हणाले. "हात लावणार नाही अक्का. लांबून पाहीन."

अक्का उठून डोंगराकडे चालू लागल्या, आम्ही मागोमाग.

अर्ध्या तासाच्या चढावर एक जुना मोह होता. त्याच्या बेचक्यात रास्ना, झाडावर वाढणारी ती आमरी! जाड, पांढुरकी मुळं सालीला घट्ट धरून होती. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकटी, मधली पाकळी जांभळी. मंद वास येत होता. मी चित्र काढायला बसले. आबा दगडावर चढून न्याहाळत होते.

"हे बांडगूळ नव्हे गं," ते एकदम म्हणाले. "झाडाचं काही खात नाही. नुसतं धरून बसलंय."



घरी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारा विणकर काढा मागायला आला. त्याचे गुडघे सुजले होते.

"मुळ्या मिळाल्या तरी रास्ना आता मी देणार नाही. निर्गुडीचा शेक घ्या," आबा म्हणाले.

"शेकानं भागत नाही वैद्यबुवा. पलीकडच्या आळीतल्या वैद्याकडे अजून मिळते म्हणे."

"मिळत असेल."

तो काठी टेकत पलीकडे गेला. वळणाआड दिसेनासा होईपर्यंत आबा दारात उभे होते.