उंबरठ्यावरचा चिखल

उत्तनकडे जाणारा रस्ता जुनी मिठागरं मागे टाकतो, तिथून पुढे भातखाचरं लागतात. त्या खाचरांपाशी खाडीला अडवून मातीचा एक बांध उभा आहे. त्याच्या एका टोकाला कातळपाडा, आगरी शेतकऱ्यांचा. दुसऱ्या टोकाला ख्रिस्ती कोळ्यांची वाडी. बांध दोघांचा. तो आहे म्हणून पाड्याच्या भाताला खार लागत नाही आणि वाडीच्या विहिरी गोड राहतात. दोन्हीकडच्या पणज्यांनी तो घमेल्याघमेल्यानं रचला. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, पण बांध आहे.

या बांधाची हाक पाड्यातल्या पुष्पलताच्या घराकडे. सासू गोदूबाईनं मरताना ती तिच्या पदरात घातली. बांधाला खांड पडली, म्हणजे पाण्यानं बांध फोडला, की हाकेच्या घरच्या बाईनं त्या खांडीतला चिखल घ्यायचा आणि घरोघरच्या उंबरठ्यावर एकेक गोळा ठेवायचा. बोलायचं नाही, बसायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. ज्या घरानं गोळा तसाच वाळू दिला, ते घर कामाला येणार. ज्यानं पाणी ओतून धुतला, ते येणार नाही. दोन्हीकडच्या देवांपेक्षा जुनी असावी अशी ही रीत, आणि दोन्हीकडच्या देवांनी तिला कधी हरकत घेतली नाही.

पुष्पलता रोज पहाटे मुळा-माठाच्या जुड्या घेऊन भाईंदरच्या बाजारात जायची. तिच्या शेजारी वाडीची ऑड्रे सुके बोंबील घेऊन बसायची. एकीला चहा आला की दुसरीलाही यायचा. मग उघाडीवरून भांडण झालं आणि त्या दोघी पाठीला पाठ लावून बसू लागल्या.

उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. ओहोटीला ती आतलं पाणी बाहेर सोडते, भरतीला आपोआप मिटते. ऑड्रेच्या मुलानं, रेनॉल्डनं, भरतीबरोबर मासळी आत यावी म्हणून झडपेत दगड अडकवला. समुद्रात हल्ली जाळ्याला आधी प्लास्टिक लागतं आणि मग मासा, म्हणून त्याला ही अवदसा आठवली. खारं पाणी भातात शिरलं. पुष्पलताचा सुयोग दगड काढायला गेला, रेनॉल्डनं त्याला अडवलं, शब्दाला शब्द वाढला आणि रेनॉल्डचं वल्हं फिरलं. सुयोगचा डावा डोळा गेला. पोलीस आले, खटला उभा राहिला. पाड्यानं वाडीची मासळी घेणं सोडलं, वाडीनं पाड्याचा रस्ता सोडला. बांधावर कुणी फिरकेना. खेकड्यांनी तो आतून पोखरला आणि समुद्र तर वर्षागणिक वर चढतच होता. गोदूबाईच्या काळी उधाणाचं पाणी ज्या तिवरांच्या मुळाशी थांबायचं, ते आता त्यांच्या शेंड्यांत खेळत होतं.

भाद्रपदातल्या पुनवेच्या उधाणानं खांड पडली. भात पोटरीला आलेलं. पुढचं उधाण सर्वपित्रीचं. मधे भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही असे. तेवढ्यात खांड बुजली नाही तर भात जाणार, विहिरी जाणार, आणि खारी झालेली जमीन पुढची कित्येक वर्षं पिकणार नाही. खांड बुजवायची तर दोन्ही टोकांनी एकदम मधे सरकत यावं लागतं. एकाच बाजूनं भरत गेलं की पाणी दुसरी बाजू कापत जातं. पाडा एकटा कितीही राबला तरी ती बुजणार नव्हती.

पुष्पलता खांडीत उतरली. घमेल्यात चिखल भरला. सुयोग काठावर उभा होता.

"आये, वाडीत जाणार हायस?"

"हाक अर्धी देता येत न्हाय रं."

"त्याच्या दारात?"

तिनं घमेलं डोक्यावर घेतलं. बोललीच असती तर तिचा पाय उचलला नसता.

वाडीत ती गेली तेव्हा दारं अर्धवट मिटली. ऑड्रेच्या घरी कुणी दिसलं नाही. पुष्पलतानं पायरी चढून उंबरठ्यावर गोळा ठेवला. ज्या घरानं आपल्या लेकराचा डोळा घेतला त्या घरासमोर ती वाकली, आणि वाकताना तिला स्वतःच्याच कमरेचा राग आला.

दुसऱ्या दिवशी तिचा दीर काळूराम पलीकडून बातमी घेऊन आला.

"धुतला! अगं, फिनेल टाकून धुतलाय उंबरठा. वासाचा नकार आलाय वयनी, वासाचा!"

ऑड्रेच्या दारात गोळा राहिला नाही हे बघून बाकीच्या वाडीनंही आपापले गोळे धुऊन टाकले होते. पाड्यातले लोक म्हणू लागले, बुडू द्या त्यांच्या विहिरी. आपलं भातही त्यात बुडणार, हे मात्र कुणी बोलेना. पुष्पलता चुलीपुढे बसून राहिली. गोदूबाईनं दिलेली हाक आपल्या हातून विझली, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

दुपारी अंगणात कुणीतरी आलं. ऑड्रे होती. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, ओंजळीत ओला गोळा. पाड्यातल्या बायका आपापल्या दारात आल्या.

"पुष्पाबाय," ती धापा टाकत म्हणाली, "आमची सून लॉरा बोरिवलीची. तिला काय ठावं? तिला वाटलं मांजरानं घाण केली."

"केवढं मांजर पाळलंयस तू?" पुष्पलताच्या तोंडून निघून गेलं.

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण सुयोग खाचरातून परत येत होता. पाय पोटरीपर्यंत भरलेले. दाराशी पाय धुवायची बादली होती.

हाकेच्या घरी उलटा गोळा कधी कुणी आणला नव्हता. ऑड्रेनं तो पुष्पलताच्या उंबरठ्यावर ठेवला आणि ती सुयोगकडे वळली. तिला त्याच्या डोळ्याकडे बघवेना, म्हणून ती त्याच्या पायांशी बोलली.

"बाबा, वाडी येईल. मी दारोदार सांगून आलेय. रेनॉल्ड रस्त्यावर उभा हाय, त्याला आत आणला न्हाय. तू न्हाय बोललास तर तो येणार न्हाय. बाकीचे येतील."

"आणि खटला?" काळूराम मधेच म्हणाला.

"खटल्याचं मी कुठं काय मागतेय?" ऑड्रे म्हणाली.

सुयोगनं बादली उचलली. भरलेली होती. पुष्पलताला वाटलं, पोराला थांबवावं. पण उंबरठ्यावर गोळा ठेवल्यावर हाकेच्या बाईला बोलायची मुभा नव्हती, आणि आईला तरी कोणत्या तोंडानं बोलता आलं असतं? ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

सुयोग उंबरठ्यापाशी आला. थोडा वेळ त्या गोळ्याकडे बघत राहिला. मग बादली तशीच हातात घेऊन घराला वळसा घालून मागच्या दारी गेला, आणि तिथे पाय धुतल्याचा आवाज आला.

गोळा तसाच राहिला. ऑड्रे रस्त्याकडे निघाली, रेनॉल्डला सांगायला.

सर्वपित्रीच्या आधी खांडीवर दोन्ही गावं उतरली. इकडून पाडा, तिकडून वाडी. तिवराच्या वाळल्या फांद्या, पेंढा, चिखल, पुन्हा फांद्या. गळाभेटी झाल्या नाहीत. "इकडं टाक", "दाब, दाब", "अरे, पाय हाय माझा तो", एवढंच बोलणं. खांड आखडत आखडत एका माणसाच्या रुंदीची राहिली. ही शेवटची फट भरायला दोन्हीकडचा एकेक माणूस पाण्यात उतरतो. पाड्याकडून सुयोग उतरला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वाडीकडून बराच वेळ कुणी उतरेना. मग रेनॉल्ड उतरला.

पाणी छातीला होतं आणि ओढ होती. वरून येणारे गोळे एकानं झेलायचे, दुसऱ्यानं बसवायचे. रेनॉल्ड सुयोगच्या डाव्या बाजूला होता. त्यानं पहिला गोळा पुढे केला, पण सुयोगला तो दिसलाच नाही. गोळा पाण्यात पडला, विरघळून गेला.

"डावीकडून देतोय," रेनॉल्ड म्हणाला. त्यानं दुसरा गोळा घेतला. "डावीकडून."

सुयोगनं मान वळवली नाही. फक्त डावा हात पाण्यावर पसरून धरला. गोळा हातात आला, खाली गेला, बसला. मग पुढचा. दर गोळ्याला रेनॉल्ड तेच म्हणत राहिला आणि काठावर पुष्पलता चिखल मळत ते ऐकत राहिली.

भरती लागली तेव्हा फट बुजली होती. बाहेरचं पाणी ओल्या मातीला येऊन टेकलं, जरा झिरपलं. वर या, असं त्या दोघांना कुणी म्हटलं नाही. दोघं नव्या मातीवर उभे राहून पायांनी ती दाबत राहिले, पाणी चढत होतं तोवर.