धावड्याची पारख

कल्याणात आमच्या घरी लाकडं घ्यायची ती माझी बायको. मुरबाडकडच्या जंगलाला लागून तिचं माहेर, त्यामुळे दारात मोळी उतरली की दोन ढलप्या एकमेकींवर वाजवून ती सांगे, "हा ऐन, सुका. हा खैर, अजून ओला आहे." मी कचेरीतला कारकून. मला सगळं जळाऊ लाकूड सारखंच, आणि तिच्या पारखीची मी भरपूर थट्टा करी.

तिची आई हयात नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगी झाली. मला आनंद आवरेना. शेजारच्या काकू मात्र "असो, पुढच्या खेपेला मुलगा होईल" असं सांत्वन करून गेल्या, तेही बाळंतिणीच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मला त्यांचा भारी राग आला. पण सोयर असल्यामुळे बाराव्या दिवसापर्यंत त्या खोलीत मला मज्जाव. बायकोशी शब्द बोलता येईना, लेकीचं तोंड पाहता येईना. माझ्या वाट्याला एकच काम आलं. बाजेखालच्या शेगडीत निखारे लागत, त्यासाठी लाकूड आणायचं.

"धावडा आण," माझी आई म्हणाली. "निखारा टिकतो, धूर होत नाही. साल पांढुरकी, गुळगुळीत असते."

एवढं ज्ञान मला पुष्कळ झालं. बाजारात एका म्हाताऱ्या ठाकरणीपाशी तशाच सालीची मोळी दिसली. ती म्हणाली, "ही नको नेऊ दादा. पांगारा हाय, कुंपणाचा तोडलाय." मला वाटलं, चांगला माल दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतेय. हट्टाने तीच मोळी आणली.

पांगाऱ्याचे निखारे घटकेत राख झाले. आईने त्यावर आणखी लाकूड घातलं तसा खोलीत धूर कोंडला आणि लेक ठसकून रडू लागली. ते रडणं मी ओटीवर बसून ऐकलं. जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. आई डोळे पुशीत बाहेर आली. "ती विचारत होती, हे लाकूड निवडलं कुणी? तुझं नाव सांगितलं, तर हसतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजार गाठला. मला पाहून ठाकरणीने तोंडाला पदर लावला. मग माझ्या एका हातात पांगारा दिला, दुसऱ्यात धावडा. "साल काय बघतोस? वजन बघ. तोडलेलं तोंड बघ."

पांगारा अगदी हलका, तोडल्या जागी नख रुतलं. धावडा जडशीळ. त्याच्या रेषा एकमेकींत घट्ट गुंतलेल्या, नख शिरेना. मी डोळे मिटून तिच्या ढलप्या एकेक तळहातावर तोलत गेलो आणि एकदाही चुकलो नाही. भर बाजारात मोठ्यांदा हसलो.

त्या दिवसापासून सकाळी भरलेली शेगडी दुपारपर्यंत ऊब देई. रोज मोळी तोलूनच घरात घ्यायची मला सवय लागली.

बाराव्या दिवशी बारशाला बायका जमल्या, काकूही आल्या. बायकोने लेक माझ्या हातांवर दिली आणि सवयीने माझे हात जरासे वरखाली झाले. ते तिच्या नजरेतून कुठलं सुटायला! चारचौघांत ती माझ्याशी कधी बोलत नसे. त्या दिवशी काकूंना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणाली,

"तोलताय काय? धावडा आहे."