बाद झालेला बोकड

माझ्या धाकट्या भावाचा पुढचा दात मी पाडला. आमच्याच अंगणात, भर दुपारी, आणि तो बायकोपोरांसकट कायमचा इस्राएलला निघाला त्याच्या चार दिवस आधी. दाताचं मला आजही वाईट वाटत नाही. बाकीच्याचं वाटतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. श्रीरामपुरात लोक विचारतात, "म्हणजे ख्रिश्चन ना?" पूर्वी समजावत बसायचो, आता "हो" म्हणून मोकळा होतो. लहानपणी सणाला आमच्या अंगणात दोन पंगती उठायच्या. मग एकेक घर गेलं. काही ठाण्याला, बाकीची तिकडे. माझ्यासाठी मुलगी बघायला जावं तर कळायचं, तिचा पासपोर्ट आलाय. मी तसाच राहिलो, बिनलग्नाचा.

राहिले आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांची सुरी. आमच्यात मांस खायचं तर जनावर आपल्यातल्याच जाणत्या माणसानं कापावं लागतं. सुरी आधी नखावर फिरवून बघायची, पात्याला केसाएवढीही खाच नको. मग एका ओघात कापायचं. हात मध्ये थबकला तर जनावर बाद. आपण खायचं नाही.

सोळाव्या वर्षी आबांनी माझ्या हातात सुरी दिली. कोंबडीनं डोळा फिरवला आणि माझा हात थबकला. अर्धी मान लोंबकळत ती अंगणभर धावली, भिंतीवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या, आणि आबांनी माझ्या अशी थोबाडीत ठेवून दिली की आठवडाभर कान वाजत होता. त्यानंतर मी सुरीला हात लावला नाही. भावाला तर शिकायचंच नव्हतं.

निघायच्या आधी त्यानं घोडेगावच्या बाजारातून बोकड आणला. "आबा, जायच्या आदी एकदा तुमच्या हातचं खाऊन जातो," म्हणाला. आबा तेव्हा ऐंशी ओलांडलेले. मी आणि भावानं बोकड दाबून धरला. आबांनी पातं तपासलं, प्रार्थनेचे शब्द म्हटले आणि सुरी ओढली. अर्ध्यावर हात थरथरला आणि थांबला. क्षणभरच. मग त्यांनी पुरं केलं. ऊन ऊन रक्त माझ्या पायांवर आलं. बोकड तंगड्या झाडत होता आणि मी मान खाली घालून त्याला दाबून होतो, कारण मी पाहिलं होतं. बोलणार मात्र नव्हतो. आबाच बोलले.

"बाद हाय. माजा हात थांबला."

भाऊ आधी हसला, मग भडकला. "कुनी बघितलं? तुमी, मी आन दादा. हितं इचारनारं हाय कोन आपलं?"

"मी बघितलं ना," आबा म्हणाले.

"मीच सोलतो," म्हणत त्यानं आबांच्या हातातली सुरी हिसकावली. त्यात आबांचा तळवा चिरला आणि ते धुण्याच्या दगडावर आपटले. मग मला काही सुचलं नाही. मी भावाच्या तोंडावर ठोसा हाणला. त्यानं मला खाली पाडून बरगडीत लाथा घातल्या. मी त्याचं डोकं धरून मातीत घासलं. त्याची पोरं दारात किंचाळत होती. शेवटी शेजारच्या ऊसवाल्यानं येऊन आम्हाला सोडवलं. बोकड त्यालाच देऊन टाकला. संध्याकाळी त्याच्याकडून रश्श्याचा घमघमाट येत होता आणि आम्ही निरोपाचं जेवण म्हणून वरणभात गिळत होतो. भावाला तोही नीट खाता येत नव्हता.

तो गेला. पुढच्या शुक्रवारी सकाळी आबांनी मला अंगणात बोलावलं. एका हातात कोंबडी, टाके घातलेल्या दुसऱ्या हातात सुरी.

"आबा, आपण भाजी खाऊ की. जन्मभर खाऊ."

"धर," म्हणाले, आणि माझ्या मागं जाऊन उभे राहिले.

मला सगळ्यांचाच राग आला होता. पळून गेलेल्या भावाचा, इतक्या वर्षांमागच्या त्या थपडेचा, हट्टी म्हाताऱ्याचा. त्याच रागात मी पातं ओढलं. हात थांबला नाही. रीतीप्रमाणे रक्तावर माती लोटली. आबांनी सुरी पुसून नखावर फिरवली, एकदा, दोनदा. आणि मी, चोपन्न वर्षांचा घोडा, गाल आवळून उभा.

आता धर्माचं आणि कौमेचं सांगतील असं वाटलं. माझं उत्तर तयार होतं, एका माणसाची कसली कौम?

"जमलं तुला," आबा म्हणाले. "आता मी गेल्यावर तुला पानावर मांसाशिवाय बसाया नको."

इतकंच होतं त्यांच्या मनात. त्या म्हाताऱ्याला पोराच्या जेवणाची काळजी होती. मी रक्ताच्या हातांनीच त्यांना मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडलो. सदरा खराब केला म्हणून त्यांनी मला शिवी दिली.

आबा जाऊन आता दुसरं वर्ष. दर शुक्रवारी मी एक कोंबडी कापतो, सुरी नखावर बघतो, रक्तावर माती लोटतो. एकट्याच्यानं ती कोंबडी संपता संपत नाही.